संकरित मेंढ्यांची निवड आणि व्यावसायिक मेंढीपालन : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मेंढीपालन हा महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पठारावरील अत्यंत प्राचीन व्यवसाय होय. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. शेतीच्या इतिहासाच्या तुलनेत मेंढीपालनाच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. धनगर समाजाचा सामाजिक व सांस्कृतिक इतिहास लिहिला गेला. परंतु त्याच्या कळपातील मेंढी कशी होती, ती बदलण्याचे प्रयत्न कोणी, कोणत्या हेतूने केले आणि त्यांतून मेंढपाळाच्या पदरात काय पडले, हा प्रश्न बहुतांशी पशुशास्त्रज्ञांवर सोपविण्यात आला. वस्तुतः हा प्रश्न आर्थिक इतिहासाचाही आहे.

वाशीम जिल्ह्यात आज एखाद्या मेंढपाळाला वीस मेंढ्या विकत घ्यावयाच्या असतील तर त्याने कोणत्या घ्याव्यात, या साध्या प्रश्नाचे उत्तर संकरीकरणाच्या इतिहासात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) वाशीम परिसरातील मेंढपाळीची ऐतिहासिक पार्श्वभूमी थोडक्यात मांडणे.
२) महाराष्ट्रातील मेंढ्यांच्या संकरीकरणाच्या दोन टप्प्यांची तुलना करणे.
३) व्यावसायिक कळपासाठी संकरित मेंढीच्या निवडीचे निकष या इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे.

वाशीम परिसर आणि मेंढपाळी :
वाशीम हा प्राचीन वत्सगुल्म, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इंग्रजी अमलात वऱ्हाडात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. काळ्या जमिनीची खोरी आणि त्यांच्यामधील उथळ मातीचे माळ व टेकड्या अशी येथील भूरचना आहे. खोऱ्यात शेती आणि माळावर मेंढरे ही विभागणी या भूरचनेतूनच निर्माण झाली.

वाशीमच्या डोंगराळ भागातील हटकर धनगरांचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आढळतो. १८७० साली प्रसिद्ध झालेल्या ए. सी. लायल यांच्या वऱ्हाडच्या गॅझेटियरनेही त्यांची नोंद घेतली आहे. मेंढपाळी आणि शिपाईगिरी ही दोन्ही या समाजाची ओळख होती. गावगाड्यात मेंढपाळाचे स्थान तीन गोष्टींवर उभे होते : घोंगडीसाठी लोकर, शेतात मेंढ्या बसवून मिळणारे खत आणि मांसासाठी विकली जाणारी कोकरे. या तिन्ही गरजा भागविणारी मेंढी म्हणजे दख्खनी. काळसर, राठ लोकरीची, उन्हातान्हात कित्येक कोस चालणारी, निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारी. परंतु एका वेताला बहुधा एकच कोकरू देणारी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे तिचे स्थानिक प्रकार मानले जातात.

संकरीकरणाचा पहिला टप्पा – लोकरीसाठी :
दख्खनी मेंढीत ‘सुधारणा’ करण्याचे प्रारंभीचे प्रयत्न लोकरीच्या दृष्टीने झाले. राठ लोकर गिरण्यांच्या उपयोगाची नाही, म्हणून मेरिनो व रॅम्बुले या विदेशी जातींच्या नरांशी संकर करून तलम लोकर मिळवावी, असा हा विचार होता. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात त्यास अधिक बळ मिळाले. १९६२ साली राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. हरियाणात हिसार येथे ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने मोठे प्रजनन प्रक्षेत्र उभे राहिले. महाराष्ट्रात राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या विदेशी जातींशी संकराचे संशोधन झाले. १९७८ साली राज्यात मेंढी व शेळी विकास महामंडळाची स्थापना झाली.

संकरामुळे लोकर तलम होते, हे प्रक्षेत्रावर सिद्ध झाले. तथापि माळावरच्या कळपात हा प्रयोग रुजला नाही. त्याची कारणे अभ्यासण्याजोगी आहेत. पहिले असे की, विदेशी रक्ताचे प्रमाण वाढले तसा चारा, निवारा व औषधोपचार यांचा खर्च वाढला. भटकंती करणाऱ्या मेंढपाळाकडे या तिन्ही गोष्टी नव्हत्या. दुसरे असे की, तलम लोकर थोड्या प्रमाणात, विखुरलेल्या कळपांतून गोळा करून गिरणीपर्यंत नेणारी व्यवस्था तयार झाली नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, याच काळात मेंढपाळाच्या उत्पन्नातील लोकरीचा वाटा घटत गेला. घोंगडीची जागा गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटने घेतली, मांसाचे भाव मात्र चढत राहिले. म्हणजे मेंढपाळ कोकरू विकून जगत असताना त्याची मेंढी लोकरीसाठी सुधारली जात होती. या टप्प्याच्या अपयशाचे मूळ शास्त्रात नव्हे, तर उद्दिष्टाच्या निवडीत होते.

संकरीकरणाचा दुसरा टप्पा – जुळ्या कोकरांसाठी :
दुसऱ्या टप्प्याची कथा सुंदरबनात सुरू होते. पश्चिम बंगालच्या दलदलीच्या प्रदेशातील गारोल ही अतिशय लहान चणीची मेंढी. तिचे वजन दख्खनी मेंढीच्या निम्म्याच्या आसपास भरते. परंतु ती एका वेताला दोन, कधी तीन कोकरे देते. १७९२ व १७९३ साली कलकत्त्याहून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत नेण्यात आल्या होत्या. पुढे दीडशे वर्षांनी त्याच प्रांतातील कूमा गावाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात वारंवार जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या आढळल्या. १९५८ पासून तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास सुरू केला. या बहुप्रसवतेमागे एकच प्रभावी जनुक असावे, असा निष्कर्ष पायपर व बिंडन या संशोधकांनी १९८२ च्या सुमारास मांडला. २००१ साली या जनुकातील नेमका बदल तीन संशोधक गटांनी शोधून काढला आणि पुढच्याच वर्षी तोच बदल गारोल मेंढीत असल्याचे प्रसिद्ध झाले. बंगालमधून गेलेल्या मेंढ्यांबरोबर हे जनुक ऑस्ट्रेलियात पोहोचले असावे, या तर्कास त्यामुळे भक्कम आधार मिळाला. शास्त्रीय परिभाषेत यास ‘फेक-बी’ जनुक म्हणतात.

महाराष्ट्रात या जनुकाचा उपयोग सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झाला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गारोल मेंढ्या आणून दख्खनी मेंढ्यांशी संकर सुरू केला. डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली, ऑस्ट्रेलियातील संस्था व पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने १९९८ पासून हे कार्य विस्तारले. पहिल्या संकरातील मेंढ्या जुळी देत, पण त्यांची चण लहान राही. म्हणून त्यांचा संकर पुन्हा पुन्हा दख्खनी मेंढ्यांशी करून गारोलचे रक्त कमी करण्यात आले. रक्ताच्या तपासणीने फक्त ते एक जनुक राखण्यात आले. अंगलोटासाठी कर्नाटकातील बन्नूर आणि दुधासाठी इस्रायलमधील अवासी या जातींचाही उपयोग झाला. यातून तयार झालेला वाण ‘नारी सुवर्णा’ या नावाने ओळखला जातो. अविकानगर येथेही गारोल, मालपुरा व पाटणवाडी या तीन जातींच्या संकरातून ‘अविशान’ हा बहुप्रसव वाण पुढे विकसित झाला.

दोन टप्प्यांतील भेद येथे लक्षात येतो. पहिल्या टप्प्यात मेंढी बदलून तिच्यासाठी परिस्थिती निर्माण करावी, अशी अपेक्षा होती. दुसऱ्या टप्प्यात परिस्थितीला सरावलेली दख्खनी मेंढी कायम ठेवून तिच्यात एकच गुण घातला गेला. शिवाय हा प्रयोग प्रक्षेत्रापुरता न राहता मेंढपाळांच्या प्रत्यक्ष कळपांत तपासला गेला.

नफ्याचे गणित :
जुळी कोकरे म्हणजे दुप्पट नफा, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बरोबर नाही. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वीस मेंढ्यांपैकी सतरा व्याल्या आणि प्रत्येकीने एकच कोकरू दिले. त्यांतील दहा टक्के दगावले, तर विक्रीयोग्य कोकरे सुमारे पंधरा उरतील. त्याच सतरा संकरित मेंढ्यांनी सरासरी दीड कोकरू दिले तर पंचवीस कोकरे जन्मतील. मरतूक अठरा टक्के राहिली तर सुमारे एकवीस कोकरे हाती येतील. म्हणजे सहा कोकरांचा लाभ. परंतु दूध अपुरे पडून मरतूक चाळीस टक्क्यांवर गेली तर पुन्हा पंधराच उरतील, आणि गाभण मेंढीला घातलेल्या खुराकाचा खर्च वर बसेल. म्हणून व्यवसायाचे खरे मोजमाप जन्मलेली कोकरे हे नसून, दूध तोडण्याच्या वयापर्यंत जगलेली कोकरे हे आहे.

निवडीचे निकष :
उपर्युक्त विवेचनावरून पुढील निकष निष्पन्न होतात.

१) जनुकाची नोंद : हे जनुक डोळ्यांना दिसत नाही. मेंढीची उंची, रंग वा कान पाहून ती जुळी देईल की नाही, हे जाणत्या मेंढपाळालाही सांगता येत नाही. म्हणून कानातील बिल्ला, आईबापांची नोंद आणि शक्य तेथे रक्ततपासणीचा दाखला पाहूनच मेंढी घ्यावी.

२) एकच प्रत पुरेशी : ज्या मेंढीत जनुकाची एक प्रत असते ती बहुधा जुळी देते. दुसऱ्या प्रतीने कोकरांच्या संख्येत फारशी भर पडत नाही. उलट तिळ्यांचे व दुर्बळ कोकरांचे प्रमाण वाढण्याचा धोका असतो. दोन्ही प्रती असलेला नर साध्या दख्खनी मेंढ्यांना लावला, तर त्याच्या सर्व मादी संततीत एक प्रत येते. याउलट एक प्रत असलेल्या मेंढीस साधा नर लावल्यास सरासरी निम्म्याच मादी कोकरांत ती उतरते. नोंद न ठेवणाऱ्या कळपात हा गुण दोन-तीन पिढ्यांत विरून जातो.

३) कास व दूध : दोन कोकरे पोसावयाची असल्याने कास मऊ, गाठी नसलेली आणि दोन्ही सड चालू असलेली असावी. हा निकष एकेरी मेंढीपेक्षा जुळ्या देणाऱ्या मेंढीस अधिक काटेकोरपणे लावला पाहिजे.

४) दात, खूर व चाल : दोन ते सहा दातांपर्यंतची मेंढी घेणे हितावह असते. काळ्या जमिनीतील पावसाळी चिखलात खूर सडण्याचा त्रास होतो. म्हणून खूर घट्ट व चाल मोकळी असावी.

५) शरीराचे वजन : गारोलचे रक्त अधिक असलेली, अतिलहान चणीची मेंढी टाळावी, तिची कोकरे संख्येने अधिक असली तरी बाजारात वजनाला कमी भरतात.

वाशीमच्या संदर्भात :
२०१७ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद होती. त्यामुळे लहान मेंढपाळासमोर निवडीचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. वाशीम परिसरात गेल्या काही दशकांत ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन वाढले. ज्वारीबरोबर कडबाही घटला आणि पडीक माळ आक्रसले. चराई कमी होत असताना मेंढ्यांची संख्या वाढविणे शक्य नाही. त्याच संख्येत अधिक कोकरे देणारी मेंढी या परिस्थितीत उपयुक्त ठरते. तथापि ती उपयुक्त ठरण्यासाठी गाभणकाळाचे शेवटचे दीड महिने आणि व्याल्यानंतरचे काही आठवडे पूरक खुराक, कोकरांना निवारा, वेळच्या वेळी जंतनाशक आणि आंत्रविषार, नीलजिव्हा, पीपीआर यांसारख्या रोगांवरील लसी यांची तयारी हवी. सतत स्थलांतर करणाऱ्या कळपात नवजात जुळी वाटेत सांभाळणे कठीण जाते. अशा मेंढपाळाने संपूर्ण कळप न बदलता, जुळी सांभाळता येतील एवढ्याच संकरित मेंढ्या ठेवणे श्रेयस्कर होय.

निष्कर्ष :
१) महाराष्ट्रातील लोकरकेंद्री संकरीकरण मेंढपाळाच्या उत्पन्नाच्या साधनाशी विसंगत असल्यामुळे कळपात रुजले नाही.
२) फलटणच्या प्रयोगाने स्थानिक मेंढीचा काटकपणा राखून एकच उपयुक्त गुण जोडता येतो, हे दाखवून दिले.
३) संकरित मेंढीची निवड बाह्य रूपावरून न करता नोंद, कास, खूर आणि कोकरे जगविण्याची क्षमता यांवरून केली पाहिजे.
४) वाशीमसारख्या जिल्ह्यात शासकीय योजनेतून दिल्या जाणाऱ्या मेंढ्यांसोबत त्यांच्या वंशाची नोंद देणे आवश्यक आहे. मेंढपाळाची पिढीजात पारख कास, खूर आणि दात अचूक ओळखते. परंतु जनुकाच्या बाबतीत ती अपुरी पडते. ही उणीव कागदावरील नोंदीनेच भरून निघू शकते, आणि ती देण्याची जबाबदारी मेंढी विकणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नव्हे.