काचेवरची पट्टी आणि माळेगावचा गोऱ्हा

विष्णुपुरी मागे टाकून तुमची गाडी लातूरच्या रस्त्याला लागली आहे. काचेवर फास्टॅग. चिकटवण्याआधी तुम्ही तो उजेडात धरला होता, आठवतं? आत ॲल्युमिनियमची बारीक वळणं, मधोमध मोहरीहून लहान चिप. बॅटरी कुठेच नाही.

लोहा गेलं, माळेगाव आलं, आणि तुम्ही उतरता ते १९६० सालच्या मार्गशीर्षात. खंडोबाच्या यात्रेत धूळ आणि भंडारा एकच झालेत. तुम्हाला लालकंधारी गोऱ्हा घ्यायचाय. सोबत आलेले काका त्याचा ओठ वर करतात. "दोन दाती हाय बघ." मग पाठीवरचा भोवरा, शिंगांची ठेवण, खूर. शेवटी रुमालाखाली बोटं धरून भाव. उद्या हा चोरीला गेला, तर ओळख पटवायला फक्त काकांची नजर. या नजरेला तोड नाही, असं मी आजही मानतो. पण ती काकांसोबतच जाते.

अजून मागे चला. ४ ऑगस्ट १९४५, मॉस्को. सोव्हिएत शाळकरी मुलं अमेरिकी राजदूत हॅरिमन यांना एक लाकडी राजमुद्रा भेट देतायत. दिवाणखान्यात लावायला छानच. तिच्या पोटात लेव थेरेमिन यांचं यंत्र आहे: तार नाही, बॅटरी नाही. बाहेरून रेडिओलहर सोडली की ते जागं होतं, खोलीतल्या बोलण्यानं त्याचा पडदा थरथरतो आणि ती थरथर घेऊन लहर परत जाते. १९५२ पर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. तुमच्या काचेवरची पट्टी याच घराण्यातली. म्हणून मला काळजी वाटते: साधा टॅग "विचारणारा कोण?" असं कधीच विचारत नाही. लहर आली की नंबर सांगून मोकळा. टॅग वाचणारा रीडर कुणाच्या हातात आहे, हे आपणच बघायला हवं.

१९७१, न्यूयॉर्क. मारिओ कार्डुलो आपलं उपकरण पोर्ट ऑथॉरिटीला दाखवतायत, टोलसाठीच. आपल्याकडे फास्टॅगची सक्ती १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री आली. तेव्हा टॅग नसेल तर दुप्पट टोल लागायचा. एव्हाना हीच युक्ती मेट्रोच्या कार्डात, ग्रंथालयाच्या पुस्तकात, कापडदुकानातल्या लेबलात शिरली होती. घोड्याच्या मानेत तर तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी टोचतात, १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरीवर ती पंधरा आकडी नंबर सांगते.

आता परत तुमच्या गाडीत. टोलनाका. वरच्या अँटेनातून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची लहर येते, तिच्याच शक्तीवर चिप क्षणभर जगते, उत्तर देते. दांडा वर.

शेजारच्या लेनमध्ये टेम्पो थांबलाय. मागे लालकंधारी गोऱ्हा, कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. हा रेडिओवाला नाही; डोळ्यांनीच वाचावा लागतो. मालक खाली उतरून हाक मारतो, "राज्या!"

गोऱ्हा मान वळवतो.