नजर, अंतस्थ आणि नियम

नाशिकच्या सराफ बाजारातील सरकारवाडा पेशवाईच्या अमलाची आठवण देत आजही उभा आहे. अशा वाड्यांतून जो कारभार चाले, त्यात वरिष्ठाच्या भेटीस रिकाम्या हाताने जाण्याची रीत नव्हती. भेटीस जाणारा आपल्या ऐपतीप्रमाणे नजर ठेवी आणि वरिष्ठही त्यास वस्त्रे अथवा विडा देऊन निरोप देई. ही देवघेव चारचौघांत होई आणि तीत कोणास कमीपणा वाटत नसे. तेव्हा भेट ही वस्तू मुळातच दूषित होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दोष शिरला तो निराळ्या वाटेने.

त्या वाटेचे नाव 'अंतस्थ'. अंतस्थ म्हणजे आतल्या आत पोचविलेला पैसा. दरबारखर्च हेही त्याचेच नाव. मामलेदाराने आपल्या महालाचा हिशेब दाखल करावयाचा, तर तो तपासणाऱ्यांस व वरच्या मुत्सद्द्यांस संतुष्ट ठेवणे त्यास भाग पडे. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने 1819 साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या प्रकाराची हकीकत आहे. प्रथम लाच म्हणून दिलेली ही रक्कम हळूहळू ठरीव हक्क होऊन बसली आणि इतर खर्चाबरोबर तिचाही हिशेब तपासला जाऊ लागला. परंतु लाचेची भूक काही भागली नाही. म्हणून तिच्यासाठी वसुलात आणखी वाढ करण्यात आली. एकदा रूढ झालेली लाच नव्या लाचेला जागा करून देते, हा धडा त्या काळच्या हिशेबांतच लिहिलेला आहे. आणि तो सारा पैसा अखेर निघे तो रयतेच्या खळ्यातून.

त्याच राज्यात रामशास्त्री प्रभुणेही होऊन गेले. एका दिवसाच्या गरजेपेक्षा अधिक सामग्री ते घरात ठेवीत नसत, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. नारायणराव पेशव्यांचा 1773 साली खून झाल्यावर रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्याचे धैर्य त्यांना झाले, त्याचे एक कारण या रिकाम्या कोठीत शोधावे लागते. ज्याने कोणाचे काही घेतलेले नाही, त्याला कोणाचे काही लागतही नाही. परंतु रामशास्त्र्यांची निःस्पृहता हा त्यांचा स्वभाव होता, राज्याचा कायदा नव्हता. एका पुरुषाच्या सद्गुणावर कारभाराची इमारत फार दिवस उभी राहत नाही.

कायद्याची वाट प्रथम कंपनी सरकारास धरावी लागली, आणि तीही नाइलाजाने. बंगालच्या नबाबांकडून कंपनीच्या नोकरांनी नजराण्यांच्या नावाखाली अपार धन लुटले, तेव्हा नजराणे न घेण्याविषयी त्यांच्याकडून करार लिहून घेण्यात आले. 1765 साली क्लाइव्हने त्या करारांवर सह्या करविल्या. स्वतः त्याने आधी किती मिळविले होते हे जगजाहीर होते! पुढे 1773 च्या कायद्याने ही बंदी पार्लमेंटच्या शब्दाने पक्की झाली. कागदावरचा नियम असा सिद्ध झाला. त्याची कसोटी मात्र महाराष्ट्रात लागावयाची होती.

ती लागली 1888 साली. आर्थर क्रॉफर्ड हे त्या वेळी मध्य विभागाचे कमिशनर होते आणि नाशिक जिल्हा याच विभागात मोडे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली होती. तेथील प्रसिद्ध मंडईला त्यांचेच नाव देण्यात आले होते. कर्तबगारी मोठी, पण खर्च त्याहून मोठा. त्यामुळे कर्ज पाठीशी कायमचे लागलेले. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांवर कमिशनरांची हुकमत असे. तेव्हा हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून पैसे घेतले जातात, असा बोभाटा झाला. कोणी बढतीच्या आशेने दिले, तर कोणी बदलीच्या धाकाने.

गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी हाती घेतली. परंतु अशा व्यवहाराला साक्षीदार कोठून मिळणार? देणारा आणि घेणारा यांवाचून तिसरा तेथे क्वचितच असतो. म्हणून खरे सांगाल तर तुम्हांस धक्का लागणार नाही, असे अभयवचन मामलेदारांना देण्यात आले. त्या वचनावर विसंबून ते पुढे आले आणि आपणच पैसे दिल्याचे त्यांनी कबूल केले. हणमंतरावास शिक्षा झाली. क्रॉफर्डसाहेबांच्या चौकशीसाठी मात्र न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसले. लाचेचे आरोप कमिशनला सिद्ध वाटले नाहीत. हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा दोष तेवढा पदरात पडला आणि तेवढ्यावरून त्यांची नोकरी गेली.

मग कहर झाला तो मामलेदारांवर. लाच दिल्याची कबुली देणारे लोक न्यायासनावर कसे राहू शकतात, अशी ओरड हिंदुस्थानात व विलायतेतही उठली. आक्षेप पोकळ नव्हता. परंतु सरकारच्या शब्दाची वाट काय? टिळकांनी 'केसरी'तून व सभांतून हाच प्रश्न धरून ठेवला. 1889 च्या सप्टेंबरात पुण्यास सभा भरली. त्याच वर्षी साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला, तरी कित्येक मामलेदारांना अधिकारास मुकावे लागले. स्वखुशीने देणारा आणि धाकाने देणारा यांत भेद कसा करावा, याचे समाधानकारक उत्तर त्या प्रकरणाला सापडले नाही.

आजचे नियम वाचताना या जुन्या खटल्याची आठवण पदोपदी होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 चे आहेत. सरकारी नोकराने स्वतः अथवा कुटुंबातील माणसांकरवी देणगी स्वीकारू नये, असे ते सांगतात. फुकटचा प्रवास, निवास वा भोजनही देणगीतच धरले आहे; प्रसंगोपात्त पाहुणचाराला मात्र सूट आहे. लग्नकार्यात वा धर्मकृत्यात आप्तांकडून आहेर घेता येतो, पण तो ठरावीक किमतीबाहेर गेला तर सरकारास कळवावे लागते. ज्याच्याशी कामाचा संबंध येतो त्याच्याकडून कर्ज काढण्यासही मनाई आहे. क्रॉफर्ड प्रकरणाचा धडा या एका कलमातही दिसतो.

ही मर्यादा केवळ कचेरीपुरती नाही. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने विद्यापीठाचे कुलगुरू, प्राध्यापक व इतर नोकर, तसेच त्याच्या परीक्षांच्या कामी नेमलेली माणसे, ही सारी लोकसेवक ठरविली आहेत. नाशिकात आज या विद्यापीठांची मुख्यालये आहेत: 1989 चे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि 1998 चे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. विद्यार्थ्याने गुरुपौर्णिमेस वाहिलेले फूल कोणी लाच म्हणणार नाही. परंतु निकालाच्या आधी परीक्षकाच्या घरी पोचलेली पेटी ही गुरुदक्षिणा नव्हे, ते अंतस्थच होय.

आणि मामलेदारांचा तो प्रश्न? त्याला कायद्याने उत्तर दिले ते 2018 साली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने लाच देणाराही स्पष्टपणे गुन्हेगार ठरला; पण ज्याला ती देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत अधिकाऱ्यांकडे वर्दी दिली तर तो त्या दोषातून सुटतो. क्रॉफर्डच्या मामलेदारांना सरकारने अभय दिले आणि ते अपुरे पडले. आज ते कायद्यात लिहिलेले आहे. मात्र सात दिवस मुकाट्याने बसणाऱ्याला ते कामाचे नाही. नियम दार उघडे ठेवू शकतो. त्यातून बाहेर पडण्याचे धैर्य ज्याचे त्यालाच करावे लागते.