निद्रेत हरवलेली माणसे

१९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ आपल्याकडे ‘मानमोडी’ या नावाने स्मरणात राहिली. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्याच काळात युरोपात आणखी एक विलक्षण व्याधी पसरत होती. तिची स्मृती मात्र जवळजवळ पुसली गेली आहे.

१९१६-१७ च्या हिवाळ्यात व्हिएन्नातील मेंदूरोगतज्ज्ञ कॉन्स्टन्टिन फॉन इकोनोमो यांच्यापुढे काही चमत्कारिक रुग्ण आले. कोणी आठवडेच्या आठवडे झोपून राही. जागे केले तर उत्तर देई आणि लगेच पुन्हा निद्राधीन होई. कोणाला तर झोपच येईना. मृतांच्या मेंदूच्या खोल भागात दाह आढळला. १९१७ मध्ये इकोनोमो यांनी या व्याधीस ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ असे नाव दिले. निद्रा व जागृती यांची मेंदूत वेगवेगळी केंद्रे असावीत, हे त्यांचे अनुमान पुढे खरे ठरले.

१९२० च्या दशकाअखेर साथ ओसरली. दुःख मात्र ओसरले नाही. वाचलेल्यांपैकी अनेकांना कालांतराने कंपवातासारखा विकार जडला व त्यांचे देह पुतळ्यासारखे ताठरले. काही मुलांचे स्वभाव इतके पालटले की, त्यांना उनाड ठरवून शिक्षा झाल्या. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका रुग्णालयात डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रुग्णांना ‘एल-डोपा’ हे औषध दिले. दशकानुदशके निश्चल असलेली माणसे चालू-बोलू लागली! पुष्कळांच्या बाबतीत हा आनंद अल्पकाळच टिकला. परंतु त्या निश्चल देहांत जाणती माणसे जिवंत होती, हे जगाला कळून चुकले.

ही व्याधी मानमोडीचेच अपत्य होती काय? अनेकांना तसे वाटले. परंतु व्हिएन्नातील रुग्ण महासाथीच्या आधीचे होते आणि जतन केलेल्या मेंदूच्या नमुन्यांत पुढे इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला नाही. दोन घटना एकाच काळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

तथापि, श्वासावाटे शिरणारा विषाणू मेंदूला इजा करू शकतो, हे आता निर्विवाद आहे. इन्फ्लुएन्झात काही बालकांच्या मेंदूवर सूज येते. पुष्कळदा विषाणू मेंदूत पोहोचलेलाही नसतो, तर शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराचा अतिरेक घातक ठरतो. गोवराचा विषाणू क्वचित मेंदूत दडून राहतो आणि अनेक वर्षांनी प्राणघातक विकार उत्पन्न करतो. म्हणूनच लस महत्त्वाची. २०२० पासूनच्या कोविड साथीत अनेकांचा गंध हरपला, कारण नाकातील गंधज्ञानाच्या मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींवरच विषाणूने घाला घातला. कित्येकांना ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने विसराळूपणा व थकवा छळत राहिला.

अशी व्यक्ती आपल्याही घरात असू शकेल. ‘ताप गेला, आता कसले दुखणे?’ असे तिला म्हणण्यापूर्वी आपण थांबावे. शिक्षा झालेली ती मुले आळशी वा दुष्ट नव्हती, आजारी होती. आणि रुग्णाच्या खाटेशी बसताना, तो उत्तर देत नसला तरी, ऐकणारे कोणी तेथे आहे असे समजूनच त्याच्याशी बोलावे.