दाराआडचा गुन्हा : इंग्लंडमधील दांपत्य-रहस्यकथेची जडणघडण

नवरा-बायकोने एकमेकांपासून, किंवा दोघांनी मिळून जगापासून, दडवलेल्या गुन्ह्याभोवती फिरणारी मानसशास्त्रीय रहस्यकथा इंग्लंडमध्ये १८६०च्या दशकात जोमाने रुजली आणि तिची मुळे लेखकांच्या कल्पनाशक्तीइतकीच तत्कालीन कायद्यातही शोधावी लागतात. विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते, असे तेथील परंपरागत कायदा मानीत असे. त्यामुळे विश्वस्तांकरवी वेगळी तजवीज केलेली नसल्यास तिची रोकड व दागदागिने पतीच्या मालकीचे होत. शिवाय १८४५च्या कायद्यानुसार नातेवाइकाचा आदेश आणि दोन वैद्यांचे दाखले एवढ्या आधारावर एखाद्या व्यक्तीला वेड्यांच्या खासगी इस्पितळात डांबता येई. १८५८मध्ये मंत्री व कादंबरीकार एडवर्ड बुल्वर-लिटन यांनी आपल्या विभक्त पत्नीला, म्हणजे रोझिना यांना, याच मार्गाने कोंडले आणि वृत्तपत्रांतून गदारोळ झाल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी त्यांची सुटका झाली.

पुढच्याच वर्षी विल्की कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी डिकन्स यांच्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यातील सर पर्सिव्हल स्वतःच्या जन्माचे गुपित लपवतो आणि पत्नीच्या वीस हजार पौंडांसाठी तिला दुसऱ्याच स्त्रीच्या नावाने इस्पितळात धाडतो. अशा कथांना समीक्षक ‘सनसनाटी कादंबरी’ म्हणू लागले; त्यांतला गुन्हा दूरच्या किल्ल्यात घडत नसे, सभ्य मध्यमवर्गीय दिवाणखान्यात घडे. मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांनी १८६२च्या ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’मध्ये पारडे उलटवून पहिला विवाह लपवणारी पत्नीच गुन्हेगार ठरवली.

या परंपरेचे सर्वांत नेटके यंत्र मात्र पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८च्या ‘गॅस लाइट’ नाटकात सापडते. काळ १८८०चा, म्हणजे विवाहित स्त्रीला मालमत्तेवर पूर्ण हक्क देणाऱ्या १८८२च्या कायद्याच्या आधीचा. मॅनिंगहॅम हा पती वस्तू स्वतःच लपवतो, त्या पत्नीनेच हरवल्याचे तिच्या मनावर बिंबवतो आणि रोज संध्याकाळी बाहेर जाण्याचा बहाणा करून गुपचूप वरच्या बंद मजल्यावर शिरतो, कारण पूर्वी ज्या वृद्धेचा त्याने खून केला तिची माणके तेथेच असावीत असा त्याचा कयास असतो. त्या काळी घरात दुसरा दिवा पेटला की नळीतील वायूचा दाब घटून पहिल्याची ज्योत मंदावे. वरच्या मजल्यावरचा दिवा लागताच दिवाणखान्यातला दिवा म्हणूनच फिकट होतो आणि पत्नीला भास वाटणारी गोष्टच पतीविरुद्धचा पुरावा ठरते. रंगमंचावर एखादे घरगुती उपकरण इतके अर्थपूर्ण क्वचितच झाले असेल.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डॅफ्ने द्यु मॉरिए यांच्या ‘रिबेका’त नवे वळण आहे. व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मिळवण्यात पतीला कायद्याची आडकाठी राहिली नव्हती. कादंबरीचा नायक मॅक्सिम याला भय होते ते बदनामीचे. तो पहिल्या पत्नीला, म्हणजे रिबेकाला, गोळी घालतो आणि दुसरी पत्नी सत्य कळल्यावर त्याला सोडत नाही, ती त्याची साथीदार होते. १९४०च्या चित्रपटात हिचकॉक यांना हे दाखवता आले नाही, कारण हॉलिवूडच्या आचारसंहितेला पत्नीचा खून करून मोकळा सुटणारा नायक मान्य नव्हता. तेथे रिबेका पडून अपघाताने मरते. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, तरी पत्नीच्या मूक संमतीतला गुन्हा त्यातून गळून पडला आणि या एका बाबतीत कादंबरीच सरस ठरते.