रूपावरून पडलेली नावे

दक्षिण चीनमधल्या कँटन शहराची आणि हाँगकाँगची बोली ती कँटनी. या बोलीत 'लेंग' म्हणजे देखणा. पण रस्सा चवदार झाला, भाजी ताजी निघाली, तर तीही 'लेंग'च! बाजारातली भाजीवाली गिऱ्हाइकाला 'लेंग-जाय', म्हणजे 'देखण्या पोरा', अशी खुशाल हाक मारते. मग गिऱ्हाईक दिसायला कसंही असो. 'फेइ' म्हणजे लठ्ठ. त्यावरून झालेली 'फेइ-जाय' ही हाक आपल्याकडच्या 'जाड्या'सारखी. घरातल्यांनी मारली तर तीत मायाच असते.

डोळ्यांना दिसेल त्यावरून नाव ठेवायची ही रीत इतिहासातही उतरली आहे. १७५७ पासून १८४२ पर्यंत पश्चिमेकडून समुद्रमार्गे येणाऱ्या व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन हे एकच बंदर खुलं होतं. त्यांनी राहायचं ते शहराच्या तटाबाहेरच्या वखारींत. त्यांना चिनी भाषा शिकवायलाही सरकारची मनाई! बोलणंच जिथे तुटपुंजं, तिथे माणूस ओळखायचा तो रंगारूपावरून. डच आणि इंग्रज ठरले 'हुंग-मोउ', म्हणजे तांबड्या केसांचे. (आपल्या जुन्या मराठी कागदांत हेच लोक 'टोपीकर' म्हणून येतात, हे शिक्षक मंडळींना ठाऊक असेलच.) पुढे या लोकांबरोबर सिमेंट आलं. त्याला हाँगकाँगात म्हणू लागले 'हुंग-मोउ-नाय', तांबड्या केसवाल्यांचा चिखल!

मुंबईहून जाणारे पारशी व्यापारी डोक्याला पांढरं बांधीत. म्हणून ते 'बाक-ताउ', पांढऱ्या डोक्याचे. जमशेटजी जिजीभाईंनी चीनच्या पाच सफरी केल्या. चीनच्या या व्यापारात कापूस होता, तशी अफूही होती. त्या पैशातल्या दानाने मुंबईत जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. चीनमध्ये मात्र अफूपायी घरंच्या घरं बसली. 'पांढरं डोकं' या नावात पगडी तेवढी आली. पेटीत काय होतं, ते काही आलं नाही.

गोऱ्यांना आणखी एक नाव होतं: 'फान-ग्वाय', परदेशी भूत. त्याचाच भाऊबंद 'ग्वाय-लोउ' हा शब्द आजही हाँगकाँगच्या रस्त्यावर ऐकू येतो. कुणाला ती शिवी वाटते, आणि तिथे मुरलेले कित्येक गोरे आपली ओळख हसत हसत त्याच नावाने करून देतात.