फावल्या वेळातलं लिनक्स

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक होते. त्यांची बरीचशी नोकरी जावळीच्या खोऱ्यात झाली. निवृत्तीनंतर त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी दोन बोटांनी संगणकावर टाइप केल्या. चांगली २८० पानं. २०११ साली अण्णा गेले. पुढे तो संगणकही गेला आणि मागे राहिली एक सीडी. ती नव्या संगणकावर उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांची नुसती मिसळ! त्या काळच्या बऱ्याच मराठी सॉफ्टवेअरची रीतच तशी होती. आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक साठवायचा आणि पडद्यावर त्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवायचं. चित्रांचा तो संच, म्हणजे फॉन्ट, हरवला की मजकूर मुका.

ती पानं पुन्हा वाचता आली ती माझ्या एका रिकामटेकड्या छंदामुळे. घरच्या संगणकावर लिनक्स घालायचं, त्याच्याशी खटपट करायची आणि फावल्या वेळात छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायचे, हा तो छंद. गंमत अशी की लिनक्सचा जन्मही असाच झालेला आहे.

१९९१च्या जानेवारीत हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हप्त्यांवर एक संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स चढवलं. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. लिनसला घरबसल्या मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाशी बोलायचं होतं. मिनिक्समधली त्याची सोय त्याला पसंत पडेना, म्हणून त्याने स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला. मग तिकडच्या फायली उतरवून घ्यायच्या तर डिस्कवर लिहिता आलं पाहिजे, म्हणून ते लिहिलं. डिस्कवर लिहायचं तर फायली ठेवायची व्यवस्था हवी, तीही लिहिली. न्हाणीघराची फरशी बदलायला काढावी आणि बघता बघता अख्खं घर नवं बांधून व्हावं, तसं झालं. २५ ऑगस्ट १९९१ला त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवलं, की मी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम करतो आहे, पण छंद म्हणूनच, फार मोठं काही व्हायचं नाही. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. सप्टेंबरात पहिली आवृत्ती आली, सुमारे १० हजार ओळींची.

त्यानंतरचा एक किस्सा त्याने आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. एकदा मोडेमने फोन लावायच्या ऐवजी चुकून त्याने हार्ड डिस्कलाच फोन लावला! फोन लावायचा हुकूम डिस्कवर लिहिला गेला आणि तिथलं मिनिक्स कामातून गेलं. मिनिक्स पुन्हा चढवायचं की आपल्याच अर्ध्याकच्च्या लिनक्सवर राहायचं? त्याने दुसरा रस्ता धरला. जर्मनीतल्या कुणाच्या संगणकात अवघी २ मेगाबाइट मेमरी होती, त्यात काम भागेना, तर या गड्याने नाताळच्या दिवसांत बसून त्याचीही सोय करून दिली.

सगळं श्रेय लिनसला देऊ नये. त्याने लिहिला तो गाभा, म्हणजे कर्नल. रोजची हत्यारं आली ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून. १९९२ मध्ये लिनसने ग्नूचा परवानाही स्वीकारला. कुणीही वापरा, बदला, वाटा. मात्र बदललेलं वाटाल तर ते त्याच अटीवर.

आपल्याकडे आमच्यासारख्यांपर्यंत ते आलं मासिकांच्या सीडींतून. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसी क्वेस्ट'च्या अंकासोबत लिनक्सची सीडी मिळे. माझी पहिली रात्र अजून आठवते. संगणक सुरू केला तर काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' ही दोनच अक्षरं, पुढे काही नाही. लिलो नावाचा प्रोग्रॅम आपलं नाव एकेक अक्षराने लिहीत पुढे सरके. जिथे अडला तिथे नाव अर्धं. ते निस्तरलं, तर चित्रमय पडदा उघडण्यासाठी मॉनिटरची फ्रिक्वेन्सी विचारली गेली, वर चुकीचा आकडा घातलात तर मॉनिटर बिघडेल अशी तंबी. माझा मोडेम विंडोजशिवाय हूं की चूं करीत नसे. एकदा डिस्कची विभागणी करताना सौभाग्यवतींचा वर्षभराचा भिशीचा हिशेब पुसला गेला. तेव्हा लिनसचा किस्सा सांगून पाहिला. उपयोग झाला नाही.

मराठी तर पडद्यावर नीट उमटायचीच नाही. ते जमायला २००० नंतरची काही वर्षं गेली. इंडलिनक्ससारख्या प्रकल्पांत लोकांनी आपला वेळ खर्चून भारतीय भाषा तिथे आणल्या.

अण्णांच्या सीडीसाठी मी पायथन वापरली. तीही छंदाचीच भाषा. खीडो फान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत विरंगुळा म्हणून ती लिहायला घेतली. सुदैवाने अण्णांनी ४० पानं छापून ठेवली होती. छापील अक्षर आणि फायलीतली खूण यांची जोडी लावत मी तक्ता केला. पण नुसता तक्ता पुरेना. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली; युनिकोडमध्ये ती नंतर हवी. रफार उलट: दिसतो शेवटी, हवा आधी. आणि सर्वांत चिवट आपला मराठी अर्धा र. युनिकोडमध्ये साधा र, हलन्त आणि य दिला की सूर्यातला रफार मिळतो. दऱ्याखोऱ्यांतला र हवा तर नुक्त्याचा ऱ द्यावा लागतो. हे कळेपर्यंत अण्णांच्या जावळीत जिकडेतिकडे 'दर्या' उसळत होता.

दीड महिना रोज रात्री तासभर बसलो. शेवटी पानं छापून आईच्या हाती दिली. अकरा ठिकाणी प्रश्नचिन्ह होतं. त्या खुणेचं अक्षर छापील ४० पानांत कुठेच नव्हतं. आईने चष्मा वर केला, एक ओळ पुन्हा वाचली.

"अरे, वाङ्मय मंडळ ते. शाळेत दर शनिवारी भरवायचे."

तक्त्यात ङ लिहिला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.