पाडव्याच्या रात्रीचा उजेड

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. सुट्टीसाठी जळगावला घरी आलो होतो. रात्री पावणेआठच्या सुमारास गच्चीवरून आकाशात जळत्या निखाऱ्यांची रांग सरकताना दिसली. धुळ्याकडची माझी आजी शेजारीच होती.

"हाई काय शे रे भाऊ?"

"उल्का आहे, आजी," मी लगेच सांगून टाकलं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तेच लिहिलं. तिथे कुणी क्षेपणास्त्र म्हणत होतं, कुणी परग्रहावरचं यान. घरात इंजिनिअर मी एकटा, त्यामुळे माझंच खरं धरलं गेलं.

ते चुकीचं होतं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हा चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेलं हे रॉकेट. त्याचा रिकामा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली आला.

खरं तर मला गच्चीवरच शंका यायला हवी होती. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुतेकदा दोन-चार सेकंदांत विझते. कक्षेतून पडणाऱ्या तुकड्याचा वेग आठच्या आत असतो. तो जवळपास आडवा येतो, फुटत जातो आणि बराच वेळ दिसतो. जळगाव ते सिंदेवाही सरळ रेषेत साधारण सव्वाचारशे किलोमीटर. कक्षेतल्या वेगाने हे अंतर जेमतेम एका मिनिटाचं. आम्ही पाहिलं ते डोक्यावरून विदर्भाकडे चाललेलं लोखंडलक्कड होतं.

खानदेशात खरी उल्का पडल्याचीही नोंद आहे. २९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, माणेगावला दगड पडला. आकाशातून दगड पडतात हे युरोपातल्या विद्वानांनी मान्य करून तेव्हा जेमतेम चाळीस वर्षं झाली होती. क्लाडनीने १७९४ मध्ये ते मांडलं, तेव्हा अनेकांनी त्याची टिंगल केली होती. माणेगावचा दगड डायोजेनाइट जातीचा. हे दगड वेस्टा या लघुग्रहावरून आले असावेत, असं आज मानलं जातं.

आजीच्या लहानपणी नदीकाठी रात्री उजेड दिसला की आग्या वेताळ म्हणायचे. व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या मॅजिओरे सरोवराच्या चिखलातून निघणारा वायू गोळा करून पेटवून दाखवला. तो मिथेन होता. दलदलीतल्या अशा उजेडाचं कारण हाच वायू असावा, असं अनेकांना वाटतं. पण तो तिथे आपोआप पेटतो कसा, यावर अजून एकमत नाही.

कुणी म्हणेल, नाव काहीही दिलं तरी काय बिघडलं? बिघडतं. उल्केबद्दल जाब कुणालाच विचारता येत नाही. रॉकेटला मालक असतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं, तर प्रक्षेपण करणारा देश भरपाईला बांधील असतो. लाडबोरीचं कडं मोकळ्या जागेत पडलं, म्हणून कुणी दगावलं नाही. मात्र तिथे घर असतं, तर माझ्या "उल्का आहे"चा अर्थ 'देवाची करणी' एवढाच झाला असता.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर चूक कबूल केली आणि आजीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग कालच म्हणायचं होतं ना, माहीत नाही म्हणून."